जुन्या पिकअपचं इंजिन बदला, पण आधी ब्रेक बदला

मा. संपादक,
नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकांवर अर्धं पान दिलंत. मी बरीच वर्षं ओहायोत राहतो, सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर मराठी पेपर वाचायची सवय काही सुटलेली नाही, आणि आपल्या पेपरात शेवरले सी-१० चा फोटो बघून इतका आनंद झाला की लगेच बायकोला उठवून दाखवला. लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल आभार. पण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की गप्प बसवेना. एक म्हणजे जुन्या ट्रकचं मूळ इंजिन काढणं म्हणजे त्याचा जीवच काढून घेणं. आणि दुसरं शेवटी शेवटी आलंय, की नवीन इंजिन बसवलं की साठ वर्षांचा ट्रक आजच्या गाडीसारखा बिनधास्त हायवेला पळवता येतो. पहिलं मला पटत नाही. दुसरं वाचून पोटात गोळा आला, कारण तेच खरं धरून मी एकदा स्वतःचा आणि बायकोचा जीव धोक्यात घातलाय. आणि लेखाबरोबर बॉनेट उघडलेल्या ट्रकचा जो मोठा फोटो आहे तो मी झूम करकरून बघितला, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी पहिल्या वाक्याबद्दल. हे ट्रक शेतावर, बांधकामावर, सुतार-प्लंबर लोकांकडे राबले, आणि राबणाऱ्या गाडीचं इंजिन गेलं की लोक दुसरं टाकायचे, तो सोहळा नसायचा, शनिवार-रविवारचं काम असायचं. शेवरलेने १९५५ मध्ये जो छोटा व्ही-८ काढला तो २६५ क्युबिक इंचांचा होता, मग २८३ आला, ३२७ आला, १९६७ ला ३५० आला, पुढे ४०० सुद्धा, पण बाहेरून ठोकळा जवळजवळ तोच राहिला. म्हणजे एकाच्या जागी दुसरं टाकायला फार कापाकापी नाही. माझ्याकडे १९६९ चा सी-१० आहे, लांब हौद्याचा, त्यात कंपनीचं इंजिन होतं २५० क्युबिक इंचाचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडर, आणि गिअर तीनच, ते पण स्टिअरिंगच्या दांड्यावर. आता गंमत बघा, त्या सहा सिलिंडरच्या पाठीमागे गिअरबॉक्स ज्या बोल्टांनी बसतो त्या बोल्टांची मांडणी आणि व्ही-८ च्या पाठीमागची मांडणी एकच आहे, सहा काढा, माउंट बदला, आठ ठेवा, तोच गिअरबॉक्स परत लावा. मग १९९७ ला कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ आलं, ते आतून पूर्ण नवं इंजिन, आणि १९९९ पासून त्याच घराण्यातली, म्हणजे ज्यांना सगळे एलएस म्हणतात ती, ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची लोखंडी ब्लॉकवाली इंजिनं ट्रकांमध्ये आली, तर त्यांच्याही पाठीवर एखाद-दुसरा बोल्ट सोडला तर तीच जुनी मांडणी. क्रँकचं गिअरबॉक्सकडचं तोंड तेवढं साधारण १० मिलिमीटर आत गेलंय त्यामुळे जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर स्पेसर, म्हणजे मध्ये भरायची चकती लागते, बाकी बसतं. कंपनीनेच चाळीस वर्षं तो सांधा सांभाळून ठेवला, मग इंजिन बदलणाऱ्याला वारसा बुडवला म्हणून कशाला दोष द्यायचा?

आणि मूळ इंजिन नेहमी बरं असतं असंही नाही हो. माझ्या सहा सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा पाच सिलिंडरांत १३० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास आलं आणि सहाव्यात ६०. शेजारी एक रिटायर्ड मशिनिस्ट आजोबा राहतात, त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून बोट ठेवून दाखवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतला होता. त्या काळचं इंजिन शिसं मिसळलेल्या पेट्रोलवर बनवलेलं, ते शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये पातळ थर धरून राहायचं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल इथे १ जानेवारी १९९६ पासून पूर्ण बंद झालं. हेड मशीन शॉपला देऊन कडक सीट बसवता येतात, ज्याला ते करायचंय त्याने जरूर करावं, मी त्याला हात जोडीन. पण जो करत नाही तो काही पापी नाही.

हां, काही ट्रक मात्र आहेत त्यांना हात लावू नये असं मलाही वाटतं. शेवरलेचा कॅमिओ, १९५५ ते १९५८, चार वर्षांत मिळून जेमतेम दहा हजारांच्या घरात बनले. डॉजचा लिल रेड एक्स्प्रेस, तो उभ्या एक्झॉस्टचा लाल ट्रक, १९७८ ला २,१८८ आणि १९७९ ला ५,११८. अशांचं इंजिन काढून जंकयार्डातलं टाकणाऱ्यावर तुमचे लेखक चिडले तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण साधा सी-१० किंवा फोर्डचा एफ-१०० लाखांनी निघालाय, त्यातला एक रस्त्यावर चालता राहिला तर मला तो कोठारात गंजत पडलेल्यापेक्षा जास्त आवडतो. आणि जे काही कराल ते परत फिरवता येईल असं करा, एवढं माझं म्हणणं. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, कापू नका, क्रॉसमेंबरला, म्हणजे फ्रेमच्या आडव्या दांडीला, गॅस कटर लावू नका, काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका.

आता दुसरं वाक्य, ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो.

माझा ट्रक मी पहिल्यांदा एका वर्कशॉपला दिला होता, नाव लिहीत नाही. त्यांनी ५.३ बसवलं, वायरिंगचा हार्नेस ओढला, कॉम्प्युटरमधला चोरी-बंदोबस्ताचा लॉक काढला, सगळं चकाचक, चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. ब्रेक मी विचारले तर म्हणाले लायनिंग नवीन टाकलंय, काळजी नको. म्हणजे चारी चाकांना १९६९ चे ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. जुनं सहा सिलिंडर कागदावर १५५ हॉर्सपॉवरचं होतं, आणि ते पण जुन्या पद्धतीने मोजलेलं, म्हणजे इंजिन उघडं स्टँडवर ठेवून, एक्झॉस्ट नाही की बाकीचं काही लटांबर नाही, १९७२ पासून ती पद्धत बदलली. ५.३ चे १९९९ चे २७० हॉर्सपॉवर हे नव्या पद्धतीचे, सगळं लावून मोजलेले. म्हणजे फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा. जुन्या इंजिनावर मी चढावर ५५ मैलांच्या वर जातच नव्हतो, कारण जाताच येत नव्हतं. नव्यावर ७५ कधी झाले कळायचं नाही. आणि थांबवताना ब्रेकांना जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते, ५५ चे ७५ झाले की जवळजवळ दुप्पट उष्णता, त्याच ड्रमांमध्ये.

ओहायो नदीकडे उतरणारा एक लांब उतार आहे, खाली सिग्नल. हौद्यात बागेची माती भरलेली होती, बायको शेजारी. निम्म्या उतारावर एक वास आला, करपलेला, तिखट, आणि मी पेडल दाबलं तर पेडल खाली गेलं नाही, कडकच होतं, पायाखाली दगड असावा तसं, आणि ट्रक मात्र थांबतच नव्हता. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही, कारण पाय सांगतो ब्रेक लागलाय आणि काचेतून दिसतंय की नाही लागला. लायनिंग तापून गुळगुळीत झालं होतं, ते ड्रमला धरेच ना. गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला, बायकोने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, आणि सिग्नलची रेषा ओलांडून अर्धा ट्रक चौकात जाऊन थांबला. आडव्या रस्त्याने त्या क्षणी कोणी आलं नाही म्हणून मी आज हे लिहितोय.

घरी आणल्यावर आजोबांनी सीटची पाठ पुढे ओढली. या ट्रकांमध्ये १९७२ पर्यंत पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, हे तुमच्या लेखात आलंच नाही. म्हणजे तुमच्या पाठीला टेकून सुमारे २० गॅलन पेट्रोल. तिथे रबराचा एक पाइप होता, त्याच्यावर छापलेलं ३०आर७, म्हणजे कार्ब्युरेटरच्या दाबाचा पाइप, आणि स्क्रूची साधी पट्टी क्लॅम्प. पट्टीच्या कडेला पाइप ओला चमकत होता. आजोबांनी बोट लावलं, वास घेतला आणि काही न बोलता बॅटरी काढली. कार्ब्युरेटरला ५-६ पीएसआय दाब लागतो. एलएस इंजेक्शनचं इंजिन ५८ मागतं. दहापट दाब, तोच पाइप, आणि तो माणसांच्या केबिनमध्ये! त्या वर्कशॉपने ट्रक सुरू करून दिला आणि पैसे घेतले, माझी तक्रार इतकीच आहे की सुरू होणं म्हणजेच काम पूर्ण होणं असं त्यांनी मानलं, आणि मीही मानलं.

मग आम्ही दोघांनी दोन हिवाळे घालवून सगळं उलट्या क्रमाने केलं. इंजिन बाहेर. १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक कंपनीचेच यायला लागले, तर एका १९७२ च्या भंगार ट्रकचं पुढचं अख्खं सस्पेन्शन आणलं, क्रॉसमेंबरसकट, ते बोल्टाने बसतं, वेल्डिंग नाही. त्याच्याबरोबर बूस्टर, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो) आणि पुढे डिस्क मागे ड्रम असताना दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह, हा व्हॉल्व्ह बरेच जण विसरतात आणि मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात. एक अडचण आली, १९७० पर्यंत चाकाला सहा बोल्ट आणि १९७१ पासून पाच, त्यामुळे एक पूर्ण उन्हाळा पुढे पाच बोल्टांची चाकं आणि मागे सहा, आणि हौद्यात दोन स्टेपन्या घेऊन फिरलो, मग मागचा अ‍ॅक्सल पण त्याच जातीचा मिळाला.

टाकी मागे फ्रेमच्या दोन दांड्यांच्या मध्ये नेली, शेवरलेच्याच जुन्या ब्लेझर गाडीची टाकी तिथे छान बसते, पंप टाकीच्या आत. मध्ये हा शब्द महत्त्वाचा. कारण स्वतः जनरल मोटर्सने १९७३ ते १९८७ च्या पिकअपांना टाक्या फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला लावल्या होत्या, बाजूने धडक बसली की आगीचा धोका म्हणून त्यावर वर्षानुवर्षं खटले चालले आणि शेवटी १९९४ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं. तेव्हा सीटमागची टाकी काढून बाजूला टांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. टाकीपासून पुढे सगळी लाइन नवी, जिथे रबर हवंच तिथे इंजेक्शनच्या दाबाचा पाइप, आणि कॉर्व्हेटचा फिल्टर, ज्याच्यात रेग्युलेटर असतो, तो ५८ धरतो आणि जादाचं पेट्रोल परत टाकीत पाठवतो. एवढ्याशा डब्यात केवढं काम!

इंजिन सगळ्यात शेवटी आलं. त्यातही ट्रकच्या इंजिनाचं ऑइल पॅन, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, खोल असतं ते क्रॉसमेंबरवर टेकतं, म्हणून कमी खोलीचं पॅन घ्यावं लागतं, आम्ही आधी न मोजता उतरवलं आणि तीनदा परत उचललं. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या कपलिंगला बोटभर अंतरावर येत होता, त्या कपलिंगमध्ये रबर-कापडाची चकती असते, ती भाजून निघाली तर स्टिअरिंग ढिलं, म्हणून एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला लागून असलेला पहिला भाग, बदलला. हेडमधून वाफ काढणारी जी बारीक नळी असते ती काही जण बूच मारून बंद करतात, करू नका, हेडच्या कोपऱ्यात हवा अडकते, ती नळी रेडिएटरच्या वरच्या बाजूला न्या.

आणि विजेची अर्थ जोडणी. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रेमला आम्ही हौसेने नवा जाड रंग दिला होता आणि इंजिनाची अर्थची पट्टी त्या रंगावरच बोल्ट केली. पंधरा दिवस इंजिन मध्येच अडखळायचं, डॅशबोर्डवरचे काटे नाचायचे, सेन्सर बदलले, कॉम्प्युटरवर शंका घेतली. शेवटी एका रात्री आजोबांनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून चकचकीत लोखंड काढलं, पट्टी तिथे आवळली आणि तेव्हापासून आजपर्यंत एकदाही अडखळलं नाही.

आता यात मला जे कळलं ते फोर्डवाल्यांकडे बघून कळलं. एफ-१०० मध्ये लोक फोर्डचंच २०११ पासूनचं कोयोट नावाचं व्ही-८ इंजिन टाकतात, त्याचे कॅम हेडमध्ये वर असतात त्यामुळे ते आडवं खूप रुंद, जुन्या स्टिअरिंग बॉक्सच्या आणि सस्पेन्शनच्या मध्ये ते मावतच नाही. मग झक मारत पुढचं सगळं बदलावं लागतं, तर ते २००३ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरियाचं, म्हणजे त्या पोलिसांच्या गाड्यांचं पुढचं अख्खं सस्पेन्शन आणतात, आणि त्याच्याबरोबर मोठे डिस्क ब्रेक आणि रॅकचं स्टिअरिंग आपोआप येतं. एलएसचं उलटं आहे. कॅम एकच, खाली ब्लॉकमध्ये, इंजिन अरुंद, सी-१० मध्ये पुढचं काहीही न हलवता टुपकन बसतं. म्हणून ब्रेक राहून जातात. इतकं सोपं आहे म्हणूनच आधी कळस मग पाया होतो, आणि दुकानदार पण तेच विकतात, जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात, थांबायचं किती अंतरात ते कुठेच नाही. विजेवर चालणाऱ्या ट्रकांच्या बाबतीत पण हेच. फोर्डने २०२१ मध्ये १९७८ च्या एफ-१०० मध्ये दोन मोटर टाकून ४८० हॉर्सपॉवरचा नमुना दाखवला, फार देखणा, आणि आता घरोघरी लोक बॅटऱ्या टाकायला निघालेत, तर बॅटरीचं वजन थांबवणार कोण हा प्रश्न त्यांनीही आधी विचारावा.

कायद्याचं थोडक्यात लिहितो कारण लेखात अजिबात नव्हतं. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे, १९७६ पासूनच्यांना नाही. तिथे १९७९ चा ट्रक घेऊन त्यात इंजिन टाकायचं तर ते ट्रकच्या सालाचं किंवा त्यानंतरचं लागतं, त्याचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट सगळं धूर-नियंत्रण बरोबर लागतं, आणि सरकारी रेफरीकडून, म्हणजे तपासनिसाकडून, पास करून घ्यावं लागतं. लोक आधी इंजिन घेतात आणि मग हे वाचतात.

माझं जुनं सहा सिलिंडर गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर आहे, आजोबांनी त्याच्या हेडमध्ये कडक सीट बसवून दिल्यात, दर दोन-तीन महिन्यांनी प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून मी क्रँक हाताने फिरवतो. पुढे कोणाला ते परत बसवायचं असेल तर बसेल, फ्रेमला एकही कट नाही.

आता तो फोटो. खाली १९६५ लिहिलंय. इंजिन एलएस आहे, व्हॉल्व्ह कव्हरवरच्या कॉइलवरून लगेच कळतं, काम स्वच्छ आहे, वायरिंग सुंदर बांधलंय. पण फायरवॉलवर ड्रायव्हरच्या बाजूला बघा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर दिसतो, छोटा, गोल, आणि त्याला झाकण एकच आहे. तो १९६६ पर्यंतचा जुना सिलिंडर, चारी चाकांना एकच लाइन. कुठेही एक पाइप फुटला, एका चाकाची सील गेली, की चारी ब्रेक एकदम जातात, पेडल थेट जमिनीला. १९६७ पासून पुढचे आणि मागचे वेगळे झाले ते याच कारणाने. त्या ट्रकचा मालक कोण मला माहीत नाही, तुमच्या लेखकांकडे त्यांचा नंबर असेल. जागा नसेल तर माझं पत्र छापू नका, चालेल, पण त्यांना आजच फोन करून एवढं सांगा की दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसेपर्यंत तो ट्रक गॅरेजबाहेर काढू नका.

आपला,
एक नियमित वाचक, ओहायो